कोनशिला काढण्यापूर्वी: आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारिणीचे सर्व सदस्य आणि विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मध्य टेक्सासमधल्या एका लहान गावातले बंद पडलेले ल्युथेरन चर्च आपल्या मंडळाने आवारासकट विकत घेतले, ही बातमी कळली तेव्हा ज्या सभासदांना सर्वांत जास्त आनंद झाला त्यांत मी होते. इतकी वर्षे गणपती शाळेच्या जिममध्ये आणि दिवाळी भाड्याच्या हॉलमध्ये साजरी केल्यावर आपल्याला हक्काचे छप्पर मिळाले होते. पण गेल्या पंधरवड्यात सभासदांना व्हॉट्सॲपवर आलेला नूतनीकरणाचा आराखडा वाचला आणि तो आनंद ओसरला. दर्शनी भिंतीतली कोनशिला काढून त्या जागी देणगीदारांच्या नावांचा फलक बसवायचा, सज्जा आणि त्यातले उंच व्यासपीठ पाडून ध्वनियंत्रणेची खोली करायची, मागच्या खोलीतली जुनी कागदपत्रे 'निकालात काढायची', घंटा लिलावात विकायची आणि दफनभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर वाहनतळ करायचा, हे सारे त्यात अर्ध्या पानात उरकले आहे. मी आपल्याला दोन पत्रे खासगीत लिहिली. दोन्हींना 'सूचनेची नोंद घेतली आहे' एवढेच उत्तर आले, म्हणून हे तिसरे पत्र सर्वांनी वाचावे असे लिहीत आहे. मंडळाचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. ज्यांना कळायला हवे त्यांना ते कळेलच, आणि बाकीच्यांपुढे आपले घरचे भांडण चव्हाट्यावर आणण्याची माझी इच्छा नाही.

या वास्तूशी माझा संबंध खरेदीखताच्या आधीपासूनचा आहे. आपली मराठी शाळा अकरा वर्षे याच चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरते. रविवारी सकाळची त्यांची उपासना संपली, कॉफीचे कप विसळून झाले, की दोन वाजता आपली मुले आत येत. त्या मंडळीने आपल्याकडून विजेच्या बिलापलीकडे कधी काही घेतले नाही. (मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो आणि या पत्रात मी तोच वापरणार आहे.) पहिल्याच वर्षी फळ्याशेजारचे कपाट आवरताना मला कापडी पाठीचे गुंडाळलेले तक्ते सापडले. ते जुन्या जर्मन वळणाच्या मुळाक्षरांचे होते. चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आजींना मी ते दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या आईने याच खोलीत त्या तक्त्यांवरून अक्षरे गिरवली होती. आजींची पणजी लहानपणी बोटीने आली ती फक्त वेंडिश, म्हणजे पूर्व जर्मनीतल्या वेंड लोकांची भाषा, बोलणारी. त्यांची आजी प्रार्थना वेंडिशमध्ये करायची आणि हिशोब जर्मनमध्ये, त्यांची आई घरात जर्मन आणि दुकानात इंग्रजी बोलायची. स्वतः त्यांना प्रभूची प्रार्थना तेवढी जर्मनमध्ये येते आणि वेंडिशमध्ये एक ते दहा आकडे. हे त्या अगदी सहज, हातातले फडके न थांबवता सांगत होत्या. त्याच वेळी माझ्या मागे आठ-नऊ वर्षांची मुले 'टीचर, मला समजतं पण बोलता येत नाही' असे मला इंग्रजीत सांगत होती. त्या दिवसापासून मी या चर्चचा इतिहास मिळेल तिथून वाचत आले आहे.

आराखड्यात 'पूर्वीचे जर्मन चर्च' असा एका ओळीचा उल्लेख आहे. तो चुकीचा आहे, आणि कसा चुकीचा आहे हे सांगितल्याशिवाय माझ्या तक्रारींना अर्थ येणार नाही. ही मंडळी मूळची वेंड होती. जर्मनीच्या पूर्व टोकाला, आजच्या पोलंड आणि चेकियाच्या सीमेला लागून असलेल्या लुसेशिया प्रदेशात राहणारे हे स्लाव्ह लोक स्वतःला सोर्ब म्हणवतात, आणि त्यांची भाषा पोलिश व चेक यांच्या कुळातली आहे. चारही बाजूंनी जर्मनभाषक, मधे हे बेट. १८१५ साली व्हिएन्ना परिषदेने त्यांच्या मुलखाची वाटणी केली आणि त्याचा बराच भाग प्रशियाच्या राज्यात गेला. दोनच वर्षांनी प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याने आपल्या राज्यातल्या ल्युथेरन आणि रिफॉर्म्ड या दोन पंथांना एका छत्राखाली आणण्याचा हुकूम काढला. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्त खरोखर देहाने उपस्थित असतो की नाही, यावर या दोन पंथांचे जुने मतभेद होते, आणि राजाज्ञेने ते मिटले असे मानायला कडवे ल्युथेरन तयार नव्हते. एकादशी स्मार्त की भागवत यासाठी पंचांगात आजही दोन नोंदी ठेवणाऱ्या आपण निदान त्यांना हसू नये. त्याच्या जोडीला शाळेत आणि कचेरीत जर्मन भाषेची सक्ती वाढत होती, शेती तुकड्यातुकड्यांची होती आणि पिके दगा देत होती.

१८५४ च्या मार्च महिन्यात अशा वेंड कुटुंबांनी एकत्र येऊन एक स्वतंत्र मंडळी स्थापन केली आणि यान किलियान यांना पाळक म्हणून बोलावले. किलियान यांचा जन्म १८११ चा, धर्मशास्त्राचे शिक्षण लाइपझिगचे, आणि वेंडिश भाषेत भक्तिगीते लिहिणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ही माणसे एकेकटी निघून परदेशात जमा झाली आणि मग त्यांनी संस्था काढली, असे झाले नाही. त्यांची संस्था आधी झाली, पाळक आधी ठरला आणि मग अख्खी मंडळी एकदम निघाली. त्या सप्टेंबरमध्ये पाचशेहून अधिक लोक आगगाडीने हॅम्बुर्गला, तिथून इंग्लंडमधल्या हलला आणि पुढे लिव्हरपूलला पोचले. तिथे ते 'बेन नेव्हिस' नावाच्या जहाजावर चढले. लिव्हरपूलमध्येच पटकी लागली होती. आयर्लंडच्या क्वीन्सटाऊन बंदरात जहाज थांबवून धुरी द्यावी लागली, आणि डिसेंबरात गॅल्व्हेस्टनला पोचेपर्यंत सत्तरहून अधिक माणसे दगावली होती. गॅल्व्हेस्टनात पिवळ्या तापाने गाठले. तिथून ह्यूस्टन, आणि ह्यूस्टनहून बैलगाड्यांनी व पायी, कडाक्याच्या थंडीत, आज ज्याला ली काउंटी म्हणतात त्या माळरानापर्यंत ते आले.

तिथे त्यांनी ४,२५४ एकरांचा सलग पट्टा एकरी एक डॉलर दराने घेतला आणि त्यातले ९५ एकर चर्च व शाळा यांसाठी आधीच बाजूला काढले. डोक्यावर छप्पर नसताना शाळेची जमीन आखून ठेवणारी माणसे होती ती. गावाचे नाव ठेवले सर्बिन, म्हणजे सोर्बांची जागा. ऑस्टिनहून ह्यूस्टनला जाताना हायवे २९० वर जे गिडिंग्ज लागते, त्याच्या नैर्ऋत्येला काही मैलांवर ते आजही आहे. आपल्यापैकी अनेकजण तिथून शेकडो वेळा गेले असतील. तिथल्या सेंट पॉल चर्चची मंडळी ही मिझुरी सिनड या अमेरिकेतल्या ल्युथेरन चर्चसंघाची टेक्सासमधली पहिली मंडळी. १८७१ साली पुरी झालेली तिची दगडी इमारत बाहेरून साधी आहे, पण आत गेल्यावर मान आपोआप वर जाते, कारण पाळकाचे व्यासपीठ जमिनीवर नसून सज्ज्याच्या उंचीवर आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे पुरुष वर सज्ज्यात बसत आणि बायका-मुले खाली. खांबांवर संगमरवराचा भास होईल असे रंगकाम आहे आणि ते टर्कीच्या पिसांनी केले आहे. आपण जो सज्जा पाडायला निघालो आहोत, तो या व्यवस्थेची गावठी, लाकडी नक्कल आहे. सर्बिनहून पांगलेल्या कुटुंबांनी जिथे जिथे शेत धरले तिथे नवी मंडळी उभी केली, आणि आपले चर्च त्याच वेलीवरचे आहे.

आता त्या 'जर्मन' शब्दाकडे येते. जर्मन होण्याची सक्ती नको म्हणून ज्यांनी समुद्र ओलांडला, ते टेक्सासात येऊन जर्मन झाले. आसपासचे शेतकरी जर्मन, व्यापारी जर्मन, सिनडचा सगळा कारभार जर्मनमध्ये, छापील स्तोत्रपुस्तके जर्मनमध्ये आणि मुलांची लग्ने जर्मन घरांत. आगीतून उठून फुफाट्यात असे म्हणावे, तर फुफाट्यात त्यांना कोणी ढकललेही नव्हते. ते एकेक पाऊल स्वतः, सोयीसोयीने चालत गेले. किलियान दोन्ही भाषांत उपदेश करत, आणि कोणत्या भाषेला किती रविवार यावरून मंडळीत तट पडत. १८७१ मध्ये रेल्वे आली ती सर्बिनला वळसा घालून गिडिंग्जला, आणि बाजारही तिकडे गेला. १८८४ साली किलियान वारले आणि त्यांच्या मागे त्यांचा मुलगा हरमन याने १९२० पर्यंत पाळकपण सांभाळले. त्यानंतर व्यासपीठावरून वेंडिश फारशी ऐकू आली नाही. गिडिंग्जचे जर्मन साप्ताहिक अधूनमधून वेंडिश मजकूर छापत असे, ते १९४९ मध्ये बंद पडले.

मधल्या काळात जर्मनवरही गदा आली. पहिल्या महायुद्धात १९१८ साली टेक्सासने सरकारी शाळांतून इंग्रजीखेरीज इतर भाषांतून शिकवण्यास मनाई केली. नेब्रास्काने १९१९ च्या कायद्याने खासगी शाळांनाही सोडले नाही. तिथल्या हॅम्प्टन या खेड्यातल्या ल्युथेरन शाळेत रॉबर्ट मायर नावाच्या शिक्षकाने मे १९२० मध्ये दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवले, म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ४ जून १९२३ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. आपण दर रविवारी निर्धास्तपणे बाराखडी शिकवतो, त्या निर्धास्तपणाच्या मुळाशी एका खेड्यातल्या ल्युथेरन शाळामास्तराचा हट्ट आहे, हे आपल्या शाळेच्या एकाही वार्षिक अहवालात मी वाचलेले नाही. माझ्या अहवालातही नाही, ही माझी चूक.

आपल्या आवाराला लागून असलेली दफनभूमी हा सगळा प्रवास दगडांत दाखवते. मागच्या ओळीतल्या सर्वांत जुन्या शिळांवर वेंडिश आहे, तिच्यापुढच्या ओळींत जर्मन, आणि फाटकाजवळच्या शिळांवर इंग्रजी. मी मोजून पाहिले आहे, मागच्या ओळीपासून फाटकापर्यंत बेचाळीस पावले होतात. मंडळीच्या सभांची इतिवृत्ते मागच्या खोलीतल्या खोक्यांत आहेत, तीही याच क्रमाने भाषा बदलत जातात. आपल्या मंडळाची इतिवृत्ते पहिली काही वर्षे मराठीत होती, आता इंग्रजीत आहेत, आणि ज्या आराखड्याविषयी मी लिहीत आहे तोही इंग्रजीतच होता. यात मी कोणाला दोष देत नाही, मीही ईमेल इंग्रजीतच लिहिते. पण ज्यांच्या घरात हे आता घडू लागले आहे, त्यांच्याच हाती ते जिथे घडून गेले त्याचे दप्तर आले आहे, आणि आपण ते श्रेडरमध्ये घालायला निघालो आहोत. माझी मुख्य तक्रार ती आहे. बाकीच्या तिच्याभोवतीच्या आहेत, तरी त्या एकेक सांगते.

कोनशिलेवर एकच बायबलवचन दोन भाषांत कोरलेले आहे, वर वेंडिश आणि खाली जर्मन. वर कोणती असावी यावर नक्कीच वाद झाला असणार, आणि वेंडिशचा बहुधा तो शेवटचा विजय असावा. अशा शिलेच्या पोटात त्या काळची कागदपत्रे ठेवण्याची ल्युथेरन मंडळ्यांत रीत आहे. कंत्राटदाराने ती छिन्नीने फोडून काढली तर आत काय होते हेही कळणार नाही. आणि देणगीदारांच्या फलकाला, खरे सांगायचे तर, दुसरी भिंत चालेल. मी स्वतः देणगीदार आहे. माझे नाव स्वच्छतागृहाच्या वाटेवर लागले तरी माझी हरकत नाही.

कागदपत्रांची चौदा खोकी आहेत. त्यांत बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या आहेत, शाळेची हजेरीपत्रके आहेत, आणि काळ्या पोशाखातल्या वधूंची छायाचित्रे आहेत. वेंडांत पूर्वी नवरी काळा पोशाख घालत असे, संसार म्हणजे कष्ट हे तिला पहिल्या दिवशीच कळावे म्हणून. (आपल्याकडे लग्नात काळे वर्ज्य, आणि पहिल्याच संक्रांतीला तिच्यासाठी काळी चंद्रकळा. कोणाचे अधिक प्रांजळ, हे वाचकांनी ठरवावे.) ही दप्तरे आपली नाहीतच. इमारत विकत घेतल्याने तिथे नोंदलेल्या माणसांचे जन्म आणि मृत्यू आपल्या मालकीचे होत नाहीत. शिवाय अलीकडच्या वह्यांत हयात माणसांची माहिती आहे. ती नष्ट करणे जसे चूक, तसे ती हॉलमध्ये उघडी पडू देणेही चूक. मिझुरी सिनडचे अभिलेखागार सेंट लुइसला आहे, कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट. वेंडांच्या वारशाचे संग्रहालय आणि ग्रंथालय खुद्द सर्बिनमध्ये आहे. म्हणजे कुठे द्यायचे हा प्रश्नच नाही, फक्त गाडीत घालून न्यायचे आहे.

दफनभूमीचा मुद्दा मला लिहितानाही अवघड वाटतो. तिची जमीन व्यवहारात नाही हे मला ठाऊक आहे, पण तिच्याकडे जाणारी वाट आपल्या जमिनीतून जाते आणि आराखड्यात तिच्यावर चाळीस गाड्यांचा वाहनतळ आखला आहे. ज्या दफनभूमीला सार्वजनिक रस्ता नाही तिथे भेट देऊ इच्छिणाऱ्याला शेजारच्या जमिनीतून वाजवी वाट मिळण्याचा हक्क टेक्सासच्या कायद्याने दिला आहे, त्यामुळे हा केवळ सद्भावनेचा प्रश्न नाही. पण कायद्याचे बाजूला ठेवा. काठी टेकत पतीच्या थडग्याशी जाणाऱ्या एखाद्या बाईने आपल्या एसयूव्हींच्या मधून वाट काढायची, हे आपल्यापैकी कोणाला बघवेल?

घंटेविषयी मात्र मला कडक शब्द वापरावे लागत आहेत. मंडळीत शेवटी एकोणीस माणसे उरली होती. त्यांना एका बांधकाम व्यावसायिकाकडून आपल्यापेक्षा जास्त किंमत मिळत होती. तरी त्यांनी जागा आपल्याला दिली, कारण, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, 'इथे मुलांना वाचायला शिकवलं जाईल'. निरोपाच्या उपासनेनंतर, वेदीवरचा क्रूस उतरवून झाल्यावर, त्यांनी आपल्याकडे एकच गोष्ट मागितली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सर्व संतांच्या दिवसाच्या उपासनेत, वर्षभरात वारलेल्यांची नावे वाचताना प्रत्येक नावाला एक ठोका देण्याची त्यांची प्रथा आहे, तेवढा एक दिवस त्यांना येऊन घंटा वाजवू द्यावी. आपण सर्वांसमक्ष हो म्हणालात. मी तिथे उभी होते, दुपारच्या जेवणाचे ताट माझ्या हातात होते आणि ताटात त्या बायकांनी हाताने लाटून कापलेल्या नूडल्स होत्या, आपल्या शेवयांच्या थोरल्या बहिणी वाटाव्यात अशा. सर्वपित्रीला कावळ्याची वाट पाहणाऱ्या समाजाला ही मागणी समजावून सांगायला लागू नये. ती घंटा लिलावात विकून ध्वनियंत्रणेचा खर्च भागवायचा बेत ज्यांनी केला, त्यांना दिलेला शब्द आठवत नसेल तर मी आठवण करून देत आहे, आणि आठवत असेल तर बोलण्यासारखे काही उरत नाही.

निर्णयाच्या पद्धतीविषयी थोडक्यात सांगते. हा आराखडा सर्वसाधारण सभेपुढे आलेला नाही. कोणत्या बैठकीत, किती सदस्यांच्या उपस्थितीत तो संमत झाला हे विचारूनही कळलेले नाही.

माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप कानावर आले आहेत ते मी ऐकले नाहीत असे नाही. एक म्हणजे, गणपतीच्या आरतीच्या वेळी समोर बायबलचे वचन कसे दिसेल. कोनशिला बाहेरच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, आरती आत होते, आणि वाकल्याशिवाय ते वचन वाचताही येत नाही. दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो वजनदार आहे, कारण छत गळते, वायरिंग जुनी आहे आणि कर्ज आपल्या डोक्यावर आहे. पण मी जे मागते आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च लागत नाही, उलट पाडकामाचा खर्च वाचतो. सज्जा धोकादायक असेल तर तसे अभियंत्याने लेखी सांगावे. मग मी सज्ज्यासाठी हट्ट धरणार नाही, व्यासपीठ तेवढे खाली उतरवून जपा म्हणेन. तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचला: 'त्यांच्याच मुलांना पडलेले नाही, तर आपल्याला काय?' त्यांची मुले ह्यूस्टन-डॅलसला आहेत, त्यांच्या नोकऱ्या आणि संसार तिकडे आहेत, आणि रविवारी ती सव्वाशे मैल गाडी चालवून येऊ शकत नाहीत. अगदी हेच वाक्य आपल्या मुलांविषयी कोणी म्हणाले तर आपण ते ऐकून घेऊ का?

व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला गेलेल्यांच्या घरांत साडेतीनशे वर्षांनंतरही मराठी बोलली जाते. तमिळ मिसळलेली असेल, पण बोलली जाते. सर्बिनमध्ये सत्तर वर्षांत वेंडिश व्यासपीठावरून उतरली. एकीकडे दरबार होता, दुसरीकडे कापसाची शेते होती, एवढ्यावर हा फरक उलगडत नाही. तो का पडला हे शोधायला आपल्या शाळेतल्या थोरल्या मुलांना त्या खोक्यांसारखे दुसरे साधन मिळणार नाही. हजेरीपत्रकांत तर कोणत्या वर्षापासून मुलांची नावे योहान आणि हाना ऐवजी जॉन आणि ॲना अशी लिहिली जाऊ लागली हेसुद्धा दिसते.

माझ्या मागण्या अशा आहेत. कोनशिला जिथे आहे तिथेच राहावी, आणि तिच्याशेजारी मराठी व इंग्रजीत या मंडळीचा इतिहास चार ओळींत सांगणारी साधी पाटी लावावी. मजकूर मी लिहून देईन, सर्बिनच्या संग्रहालयाकडून तपासून घेऊन. कागदपत्रांपैकी एकही कागद नष्ट करू नये. त्यांची यादी करून, मंडळीच्या उरलेल्या सभासदांच्या संमतीने, ती योग्य त्या अभिलेखागाराकडे सुपूर्द करावीत आणि जुन्या वह्यांच्या प्रती आपल्या ग्रंथालयात ठेवाव्यात. दफनभूमीची वाट मोकळी ठेवून वाहनतळ उत्तरेच्या मोकळ्या जागेत न्यावा. टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनकडे ऐतिहासिक दफनभूमी म्हणून नोंद करण्याची सोय आहे, तिच्यासाठी मंडळीला अर्ज करायचा असेल तर आपण शेजारी म्हणून पाठिंबा द्यावा. घंटा विकू नये, आणि नोव्हेंबरचा तो एक रविवार मंडळाच्या दिनदर्शिकेत कायमचा राखून ठेवावा, दिवाळी पहाट त्याच दिवशी आली तरी. सज्जा आणि व्यासपीठ यांचा निर्णय अभियंत्याच्या अहवालासह सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. आणि हे सारे होईपर्यंत कंत्राटदाराला फक्त छत आणि वायरिंग यांचेच काम द्यावे, ते तातडीचे आहे हे मलाही मान्य आहे.

आपण सगळे नोकऱ्या सांभाळून, रात्री-अपरात्री जागून या मंडळाचे काम करता, हे मी जवळून पाहिले आहे. कर्जाची कागदपत्रे करण्यात आपल्यापैकी दोघांचा अख्खा उन्हाळा गेला. हे पत्र त्या श्रमांविरुद्ध नाही, आणि आपल्यापैकी कोणाच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही.

ती चौदा खोकी मी गेल्या रविवारी मागच्या खोलीतून हलवून शाळेच्या वर्गातल्या कपाटात ठेवली आहेत, त्या जर्मन तक्त्यांच्या शेजारी. त्यांची यादी करायला दोन पालक आणि सातवीतल्या तीन मुली दर रविवारी शाळा सुटल्यावर थांबतात. आतापर्यंत चार खोकी झाली आहेत. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, आणि आपल्या ठरावाची प्रत हाती येईपर्यंत ती माझ्याकडेच राहील.

आपली,
मंडळाची आजीव सभासद आणि मराठी शाळेतील एक शिक्षिका